"मग तू नक्की करतेस काय?" – अन्नसुरक्षेच्या कामाबद्दल थोडं

कणगी
परवा ओळखीतल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे तू धान्य वाटतेस?" म्हटलं, नाही. "मग शेती शिकवतेस?" तेही नाही. "मग गं?" त्या "मग गं?"पुढे माझी गाडी अडली. पदाचं नाव "अन्नसुरक्षा व ग्रामीण विकास तज्ज्ञ" असं आहे आणि ते ऐकून समोरचा आणखीच गोंधळतो. म्हणून हा धागा. सोळा वर्षं या कामात आहे, चुका भरपूर करून झाल्यात, तेव्हा मोकळेपणाने विचारा.

थोडक्यात सांगायचं तर आणखी तीन-चार महिन्यांनी कोणाच्या घरात चूल पेटायची पंचाईत होणार आहे, हे आज ओळखायचं आणि ती का होणार ते शोधायचं. उपायबिपाय त्यानंतर.

धान्य कमी पडतं म्हणून माणसं उपाशी राहतात, असं आमच्या क्षेत्रातसुद्धा बराच काळ धरून चालायचे. १९७४ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली तेव्हा सगळा भर साठे आणि पुरवठा यांवर होता. पुढे १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे मांडले. त्यांच्या हिशेबाने त्या वर्षी उपलब्ध असलेलं धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतंच. आटली होती ती शेतमजूर, मासेमार, नावाडी अशा लोकांची धान्य विकत घ्यायची ऐपत. त्या आकड्यांवर आजही वाद घालणारे आहेत, पण प्रश्न विचारायची तऱ्हा तेव्हापासून बदलली. १९९६ मध्ये पुन्हा रोममध्येच जी व्याख्या ठरली तिच्यातून चार गोष्टी निघतात: अन्न असणं, ते हाती येणं, अंगी लागणं आणि हे सगळं बारा महिने टिकणं. आमच्या कामातली निम्मी भांडणं यातलं नेमकं कुठलं बिनसलंय यावरून होतात.

मी बघते काय? सगळ्यात आधी बाजार. एक शेळी विकली तर किती धान्य येतं, हा आमचा लाडका आकडा. पाऊस हुकला की चारा संपतो, जनावरं रोडावतात, सगळे एकदमच विकायला काढतात आणि शेळीचा भाव कोसळतो. नेमका तेव्हाच धान्याचा चढलेला असतो. ताटातला घास कमी व्हायच्या कितीतरी आधी हे बाजारात दिसतं. त्यातही कोण काय विकतंय ते बघायचं. बोकड विकणं नेहमीचंच. पण गाभण शेळी बाजारात उभी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या घराने पुढचं वर्ष विकायला काढलेलं असतं.

शेवटचा_बाक
ताई, वाचतोय. शेळीचा हिशेब आवडला. पण अडचणीच्या दिवसांत घर कसं निभावून नेतं, ते मोजतात कसं? प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असणार ना?

कणगी
तऱ्हा वेगळी असते, पायऱ्या मात्र बऱ्याचदा सारख्या. आधी स्वस्त धान्यावर येतात. मग वाढप कमी होतं, मग मोठी माणसं एक वेळ सोडतात म्हणजे पोरांना पुरतं. त्यानंतर उसनवारी, उधारी. इथपर्यंत घर परत सावरू शकतं. पुढच्या पायऱ्या उतरलं की परतीचा रस्ता अवघड: अवजारं विकणं, पोराला शाळेतून काढून कामाला लावणं, बियाण्याचं धान्य दळून खाणं, जमीन गहाण टाकणं. खाण्या-उसनवारीच्या पहिल्या पायऱ्यांपैकी गेल्या सात दिवसांत किती वेळा काय केलं ते विचारून, प्रत्येकीला वजन देऊन आकडा काढतात.

लोक उपाशी राहतात पण बैल विकत नाहीत, हे नव्या माणसाला कळत नाही. तो नोंद करतो, "बैल आहेत, म्हणजे बरं चाललंय." अरे, बैल राखायचे म्हणून तर जेवण कमी केलंय!

खडूस
छान चाललंय. पण एक शंका. इतकं सगळं आधी दिसतं, उपग्रहावरून हिरवळ मोजता, पावसाचे अंदाज येतात. मग माणसं मरतात कशी? का अहवाल लिहून झाला की काम संपलं?

कणगी
खडूसराव, हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि तो रास्तच आहे.

१९८४ च्या इथिओपियाच्या दुष्काळात जगाला उशिरा जाग आली म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेने फ्यूज नेट ही पूर्वसूचना यंत्रणा उभी केली. चांगली यंत्रणा आहे. आता सोमालिया बघा. २०१० च्या उत्तरार्धात पाऊस हुकणार असे इशारे येऊ लागले, एकामागून एक येतच राहिले. दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ ला. नंतर झालेल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २,५८,००० माणसं गेली आणि त्यातली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. जाहीर होईपर्यंत त्यातली पुष्कळ गेलेली होती. कारणं अनेक: दक्षिणेत अल-शबाब या सशस्त्र संघटनेने मदतसंस्थांना घातलेली बंदी, पैसा चुकून त्यांच्या हाती गेला तर कायद्यात अडकू ही देणगीदारांची भीती. आणि एक कारण आमच्या घरातलंच. अंदाज म्हणजे अंदाज. "कदाचित" या शब्दावर कोणी कोट्यवधी खर्चायला तयार होत नाही, फोटो आले की होतात.

२०१७ मध्ये त्याच सोमालियात पुन्हा तशीच वेळ आली. या खेपेला पैसा लवकर हलला, मोबाइलवरून रोख रक्कम पाठवता आली आणि दुष्काळ जाहीर करायची पाळी आली नाही. ही बातमी कुठे झळकली नाही. न मेलेल्या माणसांची बातमी होत नाही.

आकडेबहाद्दर
"दुष्काळ जाहीर होणं" म्हणजे काय ते कोणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहितो. आपण पाऊस कमी झाला तरी दुष्काळ म्हणतो, इथे अर्थ वेगळा आहे. टंचाई किती तीव्र आहे ते ठरवायची आयपीसी नावाची पाच टप्प्यांची पद्धत आहे, २००४ मध्ये सोमालियातच तयार झालेली. पाचवा टप्पा म्हणजे दुष्काळ, आणि त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. किमान २० टक्के घरांत अन्नाचा टोकाचा तुटवडा. ३० टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित. आणि भूक, किंवा भूक आणि आजार यांच्या एकत्र माऱ्याने रोज दर १०,००० माणसांमागे किमान दोन मृत्यू.

तिसरा निकष पुन्हा वाचा. "दुष्काळ" हा शब्द उच्चारायला आधी मृत्यू मोजावे लागतात. म्हणून जाणकार तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यालाच ओरडतात, पण तोवर तो शब्द हाताशी नसतो. निकष कडक ठेवायचं कारण उघड आहे, नाहीतर जो तो उठून दुष्काळ म्हणेल. किंमतही उघड आहे.

खडूस
म्हणजे आग लागली म्हणायला राख लागते. कळलं.

सुईदोरा
मी पोषणाच्या बाजूने काम करते. कणगीताईंनी "अंगी लागणं" एका शब्दात उरकलं, ते मी जरा ओढून धरते, कारण तज्ज्ञांच्या बैठकीतही ते असंच शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात!

घरात धान्य आहे, मूल तरी सुकतंय, हे मी किती वेळा पाहिलंय. पाणी घाण असतं, हगवण लागते, खाल्लेलं टिकत नाही. किंवा आई पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात राबते आणि लहानग्याला दिवसातून पाच वेळा भरवणारं कोणी नसतं. अशा घराला आणखी एक पोतं दिलं तरी मुलाच्या दंडात फरक पडत नाही.

दंड म्हणजे अक्षरशः दंड. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाच्या मध्यावर पट्टी गुंडाळायची. ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११५ ते १२५ पिवळा, त्यावर हिरवा. वजनकाटा नको, अक्षरओळख नको, आईसुद्धा घरी मोजू शकते. सुरुवातीला आम्हा लोकांनाच ते पटायचं नाही, "आयांना जमेल का?" म्हणून. जमतं. चांगलं जमतं.

आणि उपचाराचंही तसंच. पूर्वी अतितीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यातच ठेवावं लागे, आई अडकून पडे, घरातली बाकीची पोरं वाऱ्यावर. १९९६ च्या सुमारास फ्रान्समधले आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याच्या लगद्यात दूधभुकटी, तेल, साखर, जीवनसत्त्वं घालून पाकिटबंद खाद्य केलं. पाणी घालावं लागत नाही, शिजवावं लागत नाही, म्हणून घाण पाण्याचा प्रश्नच मिटतो. एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरच्या घरी उपचार करायला अधिकृत पाठिंबा दिला. गुंतागुंत नसलेली बहुतेक मुलं आता घरीच बरी होतात.

पाककृती
ताई, मग शेंगदाण्याचं हे घरी नाही का करता येणार? आपल्याकडे काही कमी आहे का!

सुईदोरा
मिश्रण म्हणून करता येईल, अतितीव्र कुपोषणावरचं औषध म्हणून नाही. खनिजं-जीवनसत्त्वांचं प्रमाण नेमकं लागतं, आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष तपासावं लागतं. कृपया घरी प्रयोग नको.

निवांतकाका
निवृत्त माणूस आहे, या विषयातलं शून्य कळतं. पण एक बाळबोध प्रश्न. धान्य द्यावं का पैसे? मला वाटतं धान्यच द्यावं, पैसे उडवले जातात.

कणगी
काका, बाळबोध कुठला, यावर आमच्यात हमरीतुमरी होते. पैसे दारूत उडतात ही भीती सगळ्यांनाच वाटते. देशोदेशी केलेल्या तपासण्यांत ती सहसा खरी ठरलेली नाही. पण म्हणून "पैसेच द्या" हाही मंत्र नाही. आधी बघायचं, बाजारात माल आहे का आणि मागणी वाढली तर व्यापारी आणखी आणू शकेल का. आणू शकत असेल तर रोख दिलेली बरी. दुकानदार टिकतो, शेतकऱ्याचा भाव टिकतो, आणि ज्याला औषध हवंय तो औषध घेतो. रस्ता तुटलाय, लढाई चाललीय, गोदामं रिकामी आहेत, अशा ठिकाणी रोख वाटली तर तेवढ्याच धान्यामागे जास्त पैसा धावतो आणि ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्या तोंडचा घास महाग होतो. उलट ऐन सुगीच्या तोंडावर फुकट धान्याचे ट्रक उतरवले तर आसपासच्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं. मालाने भरलेली जहाजं निघतात एका महिन्याच्या गरजेसाठी आणि पोचतात दुसऱ्याच महिन्यात.

बियाण्याचंही असंच. आपत्तीनंतर "बियाणं वाटा" हा ठराव हमखास येतो. पुष्कळदा बियाणं गावात, शेजारच्या बाजारात असतं. घ्यायला पैसे नसतात. बाहेरून आलेलं वाण त्या मातीत उगवलं नाही की हंगाम गेला.

शेवटचा_बाक
ताई, तुमचा स्वतःचा फसलेला अंदाज सांगाल का? यशोगाथा सगळीकडे वाचायला मिळतात.

कणगी
सांगते. अजून सलतो.

नवी होते. एका कोरडवाहू भागात पाहणी करायची होती. सुगी नुकतीच झाली होती, रस्ते सुके, गाडी थेट आत जात होती. घराघरांत कणग्या भरलेल्या. सात दिवसांत काय काय खाल्लं ते विचारून अन्नसेवनाचा गुणांक काढतात: धान्याला दोन गुण, डाळींना तीन, दूध आणि मांसाला चार-चार, भाजी-फळांना एकेक, तेल-साखरेला अर्धा, गुणिले किती दिवस खाल्लं. ३५ च्या वर गेलं की ठीक. आमची बहुतेक घरं ठीक निघाली. मी लिहिलं, या भागाला प्राधान्य नको. पैसे दुसरीकडे गेले. सहा महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी गेले तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं कामाच्या शोधात निघून गेलेली. ज्या बाईच्या कणगीचा मी फोटो काढला होता, तिने त्यातलं बरंचसं धान्य मी गेल्यावर पंधरा दिवसांत कर्ज फेडायला विकलं होतं, पडत्या भावात. आणि नंतर तेच चढ्या भावात विकत घेत होती.

मी विचारलं नव्हतं की कणगीतलं तुझं किती. (माझ्या आयडीचा उगम कळला असेल.)

नंतर ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स वाचले. त्यांनी १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय की बाहेरून येणारी माणसं डांबरी रस्त्याच्या कडेची गावं बघतात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात, आणि कोरड्या दिवसांत येतात. भूक आणि आजार असतो पावसाळ्यात, जेव्हा रस्ते बंद असतात. मी त्या यादीतली प्रत्येक चूक एका दौऱ्यात केली होती! आता पाहणी कधी करायची, यावर मी कशी करायचीपेक्षा जास्त भांडते.

आकडेबहाद्दर
+१. फसण्यावरून आठवलं. बांगलादेशात रंगपूर भागात सुगीआधीच्या टंचाईला "मोंगा" म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या घरांना शहरात हंगामी कामाला जायला प्रवासापुरते पैसे दिले. जाणारे वाढले, घरच्यांचं खाणं सुधारलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेच लोक पुन्हा गेले. सगळे खूश. मग तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, आणि २०१७ च्या तपासणीत परिणाम दिसेना. चालवणाऱ्या संस्थेने ते स्वतःहून जाहीर केलं आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला. मला मूळ प्रयोगापेक्षा हे बंद करणं जास्त आवडलं. बंद कोण करतं हो सहसा?

खडूस
कोणीच नाही. फलक रंगवून पुन्हा सुरू करतात.
अवांतर: या धाग्यावर मी चक्क सहमत होतोय, तब्येत बघायला हवी.

मधलीसुट्टी
सगळं टंचाईचंच चाललंय. "ग्रामीण विकास" हा अर्धा शब्द कुठे गेला?

कणगी
बरोबर पकडलंत. तो अर्धा कंटाळवाणा आहे म्हणून मीही टाळला. तो म्हणजे बाईच्या त्या कणगीचं पुढे काय करायचं ते. तिला सुगीला विकावं लागू नये म्हणून तारणावर कर्ज मिळेल का? धान्य किडत असेल तर हवाबंद पिशव्या? (कॅमेरूनमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी चवळीसाठी तीन थरांची पिशवी केली, आत हवा उरत नाही, कीड गुदमरते, औषध मारावं लागत नाही. इतकं साधं.) पाऊस हुकायच्या आधीच, दर वर्षी ठरल्या महिन्यांत काम आणि मोबदला मिळाला तर? इथिओपियाने २००५ पासून तेच केलं. त्याआधी दर वर्षी नव्याने मदतीचं आवाहन करावं लागे. मदत येणार हे आधीपासून माहीत असलं की शेळी विकायची घाई होत नाही. त्याचे फोटो काढण्यासारखे नसतात. बांधबंदिस्ती, हजेरीपट, वेळेवर न आलेला मोबदला, त्यावरची भांडणं.

उंबरठा
एरवी फक्त वाचणारी. आयडी काढून दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितेय. मी या पाहण्यांमध्ये प्रश्न विचारणारी होते, घरोघर जाऊन. तज्ज्ञ नव्हे.

आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, हो-नाही उत्तरांची. पुरेसं अन्न मिळणार नाही अशी काळजी वाटली का, इथून सुरुवात होते, आणि शेवटचा प्रश्न असतो: पैशाअभावी किंवा साधनांअभावी दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का. जगभर तेच आठ प्रश्न. कागदावर सोपे. पण पाचव्या-सहाव्या प्रश्नापर्यंत बाई तुमच्याकडे बघायची थांबते. सासू शेजारी बसलेली असेल तर सगळ्याला "नाही". काही घरांत उलटं, मदत मिळेल म्हणून सगळ्याला "हो". दोन्ही खोटं आहे हे कळायचं, पण खूण एकाच चौकोनात करायची.

एकदा एका बाईने आठव्याला "नाही" सांगितलं आणि मी उठताना म्हणाली, "दिवसभर कशी राहीन उपाशी, संध्याकाळी पोरांची भांडी असतात ना खरवडायला." मी खूण केली ती "नाही"वरच. प्रश्नाप्रमाणे ते बरोबर होतं. अजून वाटतं, बदलायला हवी होती का?

कणगी
उंबरठा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

खूण बदलायची नाही. तुम्ही बदलली असती तर शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मुलीने तिच्या मनाप्रमाणे बदलली असती आणि सगळा तक्ता कोसळला असता. पण ते वाक्य शेऱ्यात लिहायचं, तिच्याच शब्दांत.

उंबरठा
शेऱ्याला दीड ओळ होती हो. आणि घरं दिवसाला बारा.

कणगी
माहीत आहे. ते फॉर्म माझ्यासारख्यांनीच केलेले असतात. आता एक पाहणी ठरतेय, तिच्यात शेऱ्यासाठी अर्धं पान आणि दिवसाला आठच घरं मागितली आहेत. खर्च वाढतो म्हणून अजून मंजुरी नाही. काय होतं ते इथेच कळवते.

आकडेबहाद्दर
अर्धं पान वाचणार कोण, तेही ठरवून घ्या आधी.

सुईदोरा
मी वाचते. पाठवा.